डिलीट केलं, तरी जागा का होत नाही?

लॅपटॉपची डिस्क भरत आली की बहुतेक जण एकच उपाय करतात. मोठ्या फाइली शोधायच्या, डिलीट करायच्या, ट्रॅश किंवा रीसायकल बिन रिकामी करायची आणि मोकळ्या जागेचा आकडा किती वाढला ते पाहायचं. पुष्कळदा तो वाढतच नाही. लग्नाच्या शूटिंगची २० जीबीची फाइल गेली, पण जागा होती तेवढीच राहिली. मग संशयाला सुरुवात होते. व्हायरस शिरला असेल, डिस्क खराब झाली असेल, किंवा नवा लॅपटॉप घ्यायला लावण्यासाठी कंपनीनंच ही व्यवस्था केली असेल. पाठोपाठ कुणीतरी एखादं सफाईचं सॉफ्टवेअर सुचवतं आणि तेही त्याच भरलेल्या डिस्कवर येऊन बसतं. या गोंधळामागे बऱ्याच वेळा स्नॅपशॉट नावाची गोष्ट असते. ती काय राखून ठेवते हे समजून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये, आणि समजून घेतल्यावर केवळ तिच्या भरवशावरही राहू नये, असं मला आज मांडायचं आहे.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची त्या क्षणाची नोंद. ती संपूर्ण डिस्कची दुसरी प्रत नसते, आणि गैरसमजाचं मूळ इथेच आहे. ५०० जीबीच्या डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायला काही सेकंद लागतात आणि त्या वेळी तो जवळपास काहीच जागा खात नाही. संगणक एवढंच ठरवतो की या घडीला डिस्कच्या ज्या ज्या तुकड्यांत जे लिहिलेलं आहे ते आता पुसायचं नाही. पुढे तुम्ही फाइल बदलली की नवा मजकूर दुसऱ्या तुकड्यात लिहिला जातो आणि जुना जागच्या जागी राहतो. फाइल डिलीट केली तर तिचं नाव फोल्डरमधून जातं, पण तिचे तुकडे स्नॅपशॉटसाठी राखलेलेच असतात. ही युक्ती नवी नाही. मोठ्या कार्यालयांच्या साठवण यंत्रांत ती १९९०च्या दशकातच आली होती. सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएस या फाइल व्यवस्थेनं २००५ साली ती खुल्या स्वरूपात उपलब्ध करून दिली. ॲपलनं २०१७ साली हाय सिएरा या आवृत्तीसोबत मॅकमध्ये एपीएफएस ही नवी फाइल व्यवस्था आणली, तेव्हा ती घरोघरच्या मॅकपर्यंत पोहोचली. विंडोजची रीत थोडी निराळी आहे. तिथे जुन्या जागेवर नवं लिहायची वेळ आली की आधी जुना मजकूर उचलून एका राखीव भागात ठेवला जातो. जागा दोन्हीकडे खर्च होते, पण स्नॅपशॉट घेताना नव्हे. त्यानंतर तुम्ही जितके बदल कराल, जितकं पुसाल, तितकी ती खर्च होते. म्हणून ज्या दिवशी मोठी साफसफाई होते, त्याच दिवशी स्नॅपशॉट फुगलेले दिसतात.

आता याचा हिशेब नीट पाहू. मॅकवर टाइम मशीन ही बॅकअपची सोय चालू असेल तर साधारण दर तासाला एक स्नॅपशॉट घेतला जातो आणि तो २४ तास राहतो. समजा सकाळी ९, १० आणि ११ वाजता असे तीन स्नॅपशॉट झाले आणि दुपारी १२ वाजता तुम्ही ती २० जीबीची फाइल पुसली. तिन्ही स्नॅपशॉट तिच्या तुकड्यांवर दावा सांगून आहेत. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असावीत तसं हे आहे. एकानं हक्क सोडला म्हणून जमीन मोकळी होत नाही. तुम्ही १० वाजताचा स्नॅपशॉट काढून टाकलात, तर त्या फाइलपुरती मोकळी होणारी जागा शून्य. ९चाही काढलात, तरी शून्य. तिसराही गेला की २० जीबी एकदम सुटतात. उलट एखादी फाइल ११ नंतर तयार होऊन १२च्या आत पुसली गेली, तर ती कुठल्याच स्नॅपशॉटमध्ये नसते आणि तिची जागा लगेच मिळते. म्हणूनच प्रत्येक स्नॅपशॉटसमोर दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज करून किती जागा सुटेल हे सांगता येत नाही. तो आकडा सहसा त्या एकट्या स्नॅपशॉटनं अडवलेल्या तुकड्यांचा असतो. सामाईक तुकडे त्यात धरलेलेच नसतात. काही जण एकेक स्नॅपशॉट काढत जातात, फरक पडत नाही म्हणून मध्येच थांबतात आणि संगणकाला दोष देतात. त्यांची गणिताची रीतच चुकलेली असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. जागा माझी, डिस्कचे पैसे मी दिले, मग मला न विचारता ती अडवून का ठेवायची? आणि अडवायचीच असेल तर आकडा सरळ का दाखवायचा नाही? दुसऱ्या प्रश्नावर मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मॅकचा फाइंडर स्नॅपशॉटनं धरलेली जागा उपलब्ध जागेतच मोजतो, कारण गरज पडली की ती आपोआप सोडायची असते. त्याच मॅकमधली डिस्क युटिलिटी या सोडता येण्याजोग्या जागेचा आकडा वेगळा दाखवते. एकाच डिस्कबद्दल दोन ठिकाणी दोन चित्रं दिसली तर सामान्य माणसानं विश्वास कशावर ठेवायचा? हा दोष दाखवण्याच्या पद्धतीत आहे आणि तो सुधारायला हवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटनंतर काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली नाहीशा झाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. अपडेट बिघडू शकतं. ड्रायव्हर बिघडू शकतो. आपण स्वतः चुकीचं फोल्डर पुसू शकतो, आणि ते नेमकं तेव्हा घडतं जेव्हा जागा करायच्या घाईत आपण धडाधड डिलीट करत असतो. त्या घटकेला तासाभरापूर्वीची डिस्क हाताशी असणं ही मोठी सोय आहे. ती मोफत नाही, इतकंच.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट असतो: स्नॅपशॉट इतका उपयोगी असेल तर बॅकअप कशाला हवा? हा समज मला जागेच्या तक्रारीपेक्षा जास्त घातक वाटतो. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला, लॅपटॉप चोरीला गेला की तोही गेला. विंडोजचा सिस्टिम रिस्टोर तर तुमची कागदपत्रं मागे नेतच नाही. तो यंत्रणेच्या फाइली, सेटिंग आणि प्रोग्रॅम पूर्वस्थितीला नेतो. आणि जे मुद्दाम नुकसान करायला येतात त्यांना स्नॅपशॉट कुठे असतात हे पक्कं ठाऊक असतं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमनं फाइली कुलूपबंद करण्याबरोबर विंडोजमधल्या अशा जुन्या प्रती पुसून टाकण्याची आज्ञाही दिली होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमचा हल्ला झाला. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातलं तिच्या समूहाचं कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. संगणकांच्या जाळ्याचा ताबा ठेवणारे मर्स्कचे मुख्य सर्व्हर जगभर एकापाठोपाठ गेले. त्यांची एकच धड प्रत उरली ती आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्या प्रतीवरून कंपनीनं आपली व्यवस्था पुन्हा उभी केली. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. बॅकअप म्हणवून घ्यायचं असेल तर प्रत वेगळ्या ठिकाणी हवी, आणि तिच्याशी असलेली जोडणी तोडता आली पाहिजे.

काही श्रोते म्हणतील, आमचं सगळं क्लाउडवर आहे. पण गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउड हे प्रामुख्यानं मेळ राखण्याचं काम करतात. लॅपटॉपवर फाइल पुसली की ती तिथूनही जाते आणि ठरावीक मुदतीपर्यंतच परत मिळते. शिवाय बिघडलेली यंत्रणा क्लाउडवरून पूर्ववत होत नाही.

मग जागा करायची तरी कशी? क्रम महत्त्वाचा आहे. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग मोठ्या आणि नको असलेल्या फाइली पुसा: दोनदा उतरवलेले व्हिडिओ, फोनचे जुने बॅकअप, वापरून झालेले इन्स्टॉलर. त्यानंतर मॅकवर एक दिवस थांबा. २४ तासांत तासातासाचे स्नॅपशॉट गळून पडतात आणि जागा आपसूक दिसू लागते. थांबायला वेळच नसेल तर टाइम मशीनच्या सेटिंगमध्ये आपोआप बॅकअप बंद करून काही मिनिटं जाऊ द्या. त्यात स्नॅपशॉट निघून जातात. नंतर ते सेटिंग पुन्हा चालू करायला विसरू नका. माँटेरे किंवा त्यानंतरचं मॅकओएस असेल तर डिस्क युटिलिटीच्या व्ह्यू मेनूतून स्नॅपशॉटची यादीही पाहता येते. मात्र तिथे यंत्रणेच्या विभागात जो स्नॅपशॉट दिसतो त्याच्या वाटेला जाऊ नका. २०२०च्या बिग सर या आवृत्तीपासून मॅक अशाच एका सीलबंद स्नॅपशॉटवरून सुरू होतो. विंडोजमध्ये सिस्टिम प्रोटेक्शनच्या खिडकीत कॉन्फिगर दाबलं की रिस्टोर पॉइंटसाठी, म्हणजे तिथल्या स्नॅपशॉटसाठी, जास्तीत जास्त किती जागा द्यायची हे ठरवता येतं. मर्यादा भरली की सर्वांत जुना पॉइंट आधी जातो. त्यामुळे सगळे पुसण्यापेक्षा मर्यादा कमी करणं कधीही बरं. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर राहणारं विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर कित्येक जीबी अडवतं, पण तुम्ही काहीच केलं नाही तरी साधारण १० दिवसांनी ते आपोआप काढलं जातं. नवी आवृत्ती नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत ते राहू द्या.

सफाईच्या सॉफ्टवेअरनं हेच काम एका बटणावर होतं, असं कुणी म्हणेल. होतंही. पण त्या बटणाला तुमची कोणती फाइल मोलाची आहे हे कळत नाही, आणि कालची स्थिती तुम्हाला उद्या लागणार आहे का हेही कळत नाही. तो निर्णय डिस्कच्या मालकाचा आहे. तेव्हा आज घरी संगणक उघडलात तर आधी एवढंच पाहा, की तुमच्या कागदपत्रांची आणि फोटोंची दुसरी प्रत त्या यंत्राबाहेर कुठे आहे का. नसेल, तर जागा कितीही कमी असो, स्नॅपशॉट आज काढू नका. आधी बाहेरची डिस्क आणा, तिच्यावर प्रत घ्या, त्यातल्या दोन-चार फाइली उघडून तपासा, आणि मगच सफाईला लागा.