पेच सैल करण्याआधी

माझ्या लॅपटॉपमध्ये आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मांडवीच्या घरी पडवीत बसवून त्या तिच्याकडून म्हणवून घेतल्या होत्या. ती गेल्यावर दोन वर्षांनी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला. डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे हे कळत होते, तरी मी उठलो तो स्क्रू ड्रायव्हर शोधायला. सून म्हणाली, "बाबा, आधी ओव्या बाहेर काढा, मग त्याचं पोट फाडा." ऐकले म्हणून बरे. बाहेरच्या डिस्कवर नक्कल करताना ३ ओव्या आल्याच नाहीत, बाकीच्या बचावल्या.

मग उघडायला बसलो. लॅपटॉप पूर्ण बंद केला (नुसते झाकण मिटणे म्हणजे बंद करणे नव्हे) आणि चार्जर काढला. पाठीचे झाकण निघाले की पहिल्यांदा बॅटरीची जोडणी सोडवायची. चार्जर नसला तरी आतली बॅटरी वीज देतच असते. एखादा स्क्रू निसटून भलतीकडे पडला तर मदरबोर्ड जळायला तेवढे पुरते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र हत्यारे खाली ठेवावीत आणि जाणकाराकडे जावे. लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेऊ शकते.

अंगातल्या स्थितिक विजेचेही भान हवे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट, की ती फारशी साठत नाही; थंडीतल्या कोरड्या दिवसांत साठते. झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टला. चिप त्याच्या कितीतरी आधी बिघडू शकते. म्हणून मी आधी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावतो आणि सुटा भाग कडांना धरतो.

आमच्या रत्नागिरीत खरा वैरी म्हणजे खारी हवा. स्क्रू गंजून घट्ट बसतात. चुकीच्या मापाचा ड्रायव्हर घाईने फिरवला की स्क्रूचे डोके झिजते, मग तो काही केल्या निघत नाही. बरे, सगळे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबीला नसतात. मागे एकदा शेजाऱ्यांचा लॅपटॉप बंद करताना मी लांब स्क्रू आखूड जागी पिळला. वरच्या बाजूला, मनगट टेकतो तिथे, फोड आल्यासारखा उंचवटा आला! शेजारी काही बोलले नाहीत, ते जास्त लागले. तेव्हापासून मी कागदावर लॅपटॉपचे चित्र काढतो आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवतो.

जुनी डिस्क निघाली, तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसली. तिच्यात फिरणारे काहीच नाही, त्यामुळे टकटकही नाही. सिस्टीम नव्याने घालण्यात दुपार गेली.

संध्याकाळी पहिली ओवी लावली. आईच्या आवाजामागे अंगणात कोणीतरी झाडत असल्याचा आवाज होता.

"ती मीच," सून म्हणाली.