धावते ती, ठरवतं कोण?

पहाटे पाचच्या सुमारास यवतमाळातून दारव्ह्याच्या नाहीतर आर्णीच्या रस्त्यानं निघालात, तर कडेकडेनं धावणाऱ्या मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीच्या आठशे मीटरसाठी घाम गाळत असते, कुणी वनरक्षकाच्या तीन किलोमीटरसाठी. त्यांतल्या काहींना मग धावण्याचीच गोडी लागते. नोकरी मिळाली तरी त्या थांबत नाहीत. दहा किलोमीटर, अर्धमॅरेथॉन असं करत बेचाळीस किलोमीटरपर्यंत जातात. त्यांच्यापुढे नावंही आपल्याच मातीतली आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

या मुलींची लग्नं होतात आणि एक प्रश्न उभा राहतो. तो कुठल्याही मैदानावर, कुठल्याही सत्कारात विचारला जात नाही. मूल इतक्यात नको असेल, तर काय वापरायचं?

माझ्या ओळखीची एक मुलगी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. लग्नाला वर्ष झालेलं, लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी. म्हणाली, "आपा, सासूबाई म्हणतात तांबी बसवून घे. आशाताई म्हणतात अंतरा घे. आमचे सर म्हणतात गोळ्यांनी वजन वाढतं, काहीच घेऊ नकोस. नवरा तर काहीच बोलत नाही."

मी विचारलं, "आणि तुझं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "मला कुठं काय माहीत आहे?"

मी कविता लिहिणारी बाई. शिकले बीएपर्यंत, तेही मराठी घेऊन. औषधपाण्यातलं मला काय कळणार? पण शब्दांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून मला आधी शब्दच आठवले. पाळीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, दूर बसली, विटाळ आहे. यातल्या एकाही शब्दात तब्येतीची चौकशी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना त्यांनी खटले सोसले, पण ते या विषयावर उघडपणे लिहीत राहिले. नंतर सरकारचा शब्द आला 'कुटुंबनियोजन', मग 'कुटुंबकल्याण'. संतती आली, कुटुंब आलं. जिच्या अंगावर हे सगळं होतं, ती बाई मात्र कुठल्याच शब्दात आली नाही.

त्या मुलीला घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. तिथे जे ऐकलं आणि नंतर जे वाचलं, ते सांगते.

पहिली तांबी, म्हणजे कॉपर-टी. एक प्रकार दहा वर्षं चालतो, एक पाच वर्षं. त्यात हार्मोन नाही, रोजची आठवण ठेवायची नाही, आणि काढली की दिवस राहू शकतात. पण पहिले काही महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. आता धावणारीचा विचार करा. स्नायूंना प्राणवायू पोचवतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि त्याला लोह लागतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल आणि अंगावरून आधीच जास्त जात असेल, तर तांबी बसवण्याआधी रक्त तपासून डॉक्टरांशी बोलायला हवं.

दुसरी गोळी. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन. अठ्ठावीस गोळ्यांच्या पाकिटात एकवीस हार्मोनच्या आणि सात लोहाच्या. रोज एक घ्यायची. हिनं रक्तस्राव कमी होतो, पोटदुखीही कमी होते. वजनाचं म्हणाल, तर गोळीनं ते हमखास वाढतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. कामगिरीबद्दल झालेल्या अभ्यासांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या खेळाडूंमध्ये सरासरी फरक नगण्य निघाला, व्यक्तीगणिक मात्र कमीजास्त. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या किंवा डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, तर ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

तिसरं अंतरा. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. घरात कुणाला न कळता घेता येतं, म्हणून कित्येक जणींना त्याचा आधार वाटतो, आणि तो खोटा नाही. पण पाळी अनियमित होते किंवा थांबते, काहींचं वजन वाढतं, आणि इंजेक्शन चालू असेपर्यंत हाडांची घनता थोडी घटते. बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते. परंतु जिची नडगी सतत दुखते, हाडाला बारीक तडा जाऊन गेला आहे, वजन मुळातच कमी आहे, तिनं हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. शिवाय शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

चौथी छाया. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपल्याच देशातली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. नेहमीच्या गोळ्यांसारखे हार्मोन तिच्यात नाहीत. पाळी मात्र लांबू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खूप धावणारी आणि पोटभर न खाणारी मुलगी असेल, तर तिची पाळी बंद पडू शकते. आपल्याकडे याला 'बरं झालं, कटकट गेली' म्हणतात. खरं तर शरीर सांगत असतं की चुलीत लाकूड पुरत नाही. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं या ऊर्जेच्या तुटीबद्दल निवेदनच काढलं. हाडं ठिसूळ होतात, दुखणी वाढतात. अशा वेळी गोळ्या सुरू केल्या तर महिन्याला रक्तस्राव होतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण ती खरी पाळी नव्हे. दुखणं आत तसंच राहतं. तेव्हा पाळी गेली असेल, तर आधी ताट बघायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणखी एक. पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असंही नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीचंही सांगते. ती आपल्या घराघरांत माहीत आहे. गौरी-गणपतीला घेतात, लग्नाकार्यात घेतात, आमच्याकडे रमजानच्या रोज्यांसाठी आणि उमऱ्याला जाताना घेतात. तीच शर्यतीसाठीही घेतली जाते. पॉला रॅडक्लिफ या इंग्लंडच्या धावपटूनं २००२ साली शिकागोला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, तोही पाळीच्या कळा सोसत. खेळाडूंना अशी गोळी देण्याविरुद्ध ती २०१५ साली उघड बोलली. ही गोळी कुणाला मानवते, कुणाला नाही. आणि ती गर्भनिरोधक म्हणून धरून चालू नये, एवढं तरी प्रत्येकीला माहीत हवं.

बाईच्या शरीराकडून अखंड काम हवं असलं आणि निर्णय दुसऱ्यांच्या हाती असला की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांना एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीत तोड कशी करणार? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. शर्यतीचं मैदान आणि उसाचा फड एक नाहीत, हे मला कळतं. पण 'पाळी म्हणजे कामातली अडचण' हा विचार दोन्हीकडे एकच आहे. आमच्याकडे पऱ्हाटीत दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईलाही हेच लागू आहे. तिच्या सोसण्याला कुणी पदक देत नाही, एवढाच फरक.

काही जण यात धर्म आणतात. माझ्या धर्माचं मी थोडं वाचलं आहे. गर्भ राहू नये म्हणून नवऱ्यानं काळजी घेणं, ज्याला अरबीत अज़्ल म्हणतात, ते पैगंबरांच्या काळातही लोक करत होते असं हदीसमध्ये आहे. इमाम ग़ज़ालींनी ते जायज़ मानलं. आणि अनेक फकीहांनी त्याला एक अट घातली, पत्नीच्या संमतीची. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या विद्वानांना जे सुचलं, ते आज आपल्या घरात सुचू नये?

आणि नवऱ्यांचं काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसली. पुरुषांची शंभरात एकाचीही नाही. ज्यांना मुलं पुरे झाली, त्यांच्यासाठी पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी आहे. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरून मग तपासणी करून घ्यायची. आणि ज्यांना मूल पुढे हवं आहे, त्यांना निरोध आहेच. त्यानं ना हिमोग्लोबिन घटतं, ना हाडं झिजतात. मात्र तो दर वेळी आणि नीट वापरायला हवा.

त्या मुलीचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहा निघालं. नडगीही दुखत होती. डॉक्टरांनी सगळं समजावून दिलं आणि निर्णय तिच्यावर सोपवला. तिनं तांबी आणि अंतरा दोन्ही सध्या बाजूला ठेवलं आणि माला-एन निवडली. शर्यतीच्या आठवड्यात सुरू न करता चार महिने आधी, म्हणजे शरीराला काय मानवतं ते सरावातच कळेल. एका वहीत ती पाळीची तारीख, झोप आणि धावण्याची वेळ लिहिते. दुसरीला कदाचित तांबीच योग्य ठरेल, तिसरीला छाया. एकीचं उत्तर दुसरीला लावू नये.

माझी विनंती तीन माणसांना आहे. प्रशिक्षकांनी वजनाइतकीच पाळीची चौकशी सभ्यपणे करावी, आणि जमत नसेल तर एखाद्या जाणत्या बाईला ते काम द्यावं. सासूबाईंनी आपला अनुभव जरूर सांगावा, पण हुकूम म्हणून नव्हे. आणि नवऱ्यानं गप्प बसू नये. दवाखान्यात तिच्यासोबत जावं, डॉक्टरांचं ऐकावं, आणि बाहेर आल्यावर तिला विचारावं, "तुला काय बरं वाटतं?"