लग्नाची अट फक्त तिलाच का?

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आज आपण एका नोकरीविषयी बोलणार आहोत. ही नोकरी आपल्या तालुक्यात नाही, जिल्ह्यातही नाही. ती करायला देशाबाहेर जाऊन राहावं लागतं. तिला भारतीय परराष्ट्र सेवा म्हणतात, आणि या नोकरीत वर चढत गेलेला माणूस राजदूत होतो.

राजदूत म्हणजे काय, हे आपल्याला समजायला अवघड नाही. तालुक्याच्या बैठकीला आपण गटातर्फे एक बाई पाठवतो. तिनं तिथं स्वतःचं नाही, गटाचं म्हणणं मांडायचं असतं. तिकडं काय बोलणं झालं ते पदरचं काही न घालता परत येऊन सांगायचं असतं. कुणी चढ्या आवाजात बोललं तरी आपला तोल सांभाळायचा असतो. राजदूत हेच काम देशासाठी करतो.

परदेशातल्या आपल्या कचेरीला दूतावास म्हणतात. तिथं करार-मदार आणि व्यापाराची बोलणी होतात, तशी साध्या माणसांचीही कामं होतात. कुणाचा पासपोर्ट हरवला, कामगाराचा पगार मालकानं अडवला, कुणी तुरुंगात अडकलं, कुणाचा तिकडं मृत्यू झाला, तर घरच्यांनी हाक मारायची ती दूतावासालाच. तुमच्या घरातलं कुणी दुबई, सौदी, कतारला कामाला असेल तर त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर घरात लिहून ठेवा. वेळ सांगून येत नाही.

या नोकरीत शिरायचा रस्ता सगळ्यांना सारखाच आहे. कुठल्याही विषयाची पदवी घ्यायची आणि यूपीएससीची परीक्षा द्यायची. निवड झाली की मसुरीला आणि दिल्लीला प्रशिक्षण होतं. एक परदेशी भाषा शिकावीच लागते. मग थर्ड सेक्रेटरी, सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी अशा पायऱ्या चढत जायचं. साधारण तीन-तीन वर्षांनी देश बदलतो, बिऱ्हाड बदलतं, लेकरांच्या शाळा बदलतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे याच वाटेनं गेले.

पण आज सांगायचं आहे ते एका बाईबद्दल. त्यांचं नाव सी. बी. मुथम्मा. जन्म 1924 सालचा, कर्नाटकातल्या कोडगू भागातल्या विराजपेटचा. नऊ वर्षांच्या असताना वडील गेले. आईनं लेकरांना शिकवलं. मुथम्मा मद्रासला जाऊन इंग्रजीत एम. ए. झाल्या आणि 1949 साली परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. परीक्षा देऊन या सेवेत आलेल्या त्या पहिल्या बाई.

निवड झाली, पण मुलाखतीतच त्यांना या वाटेला न जाण्याविषयी समजावून पाहिलं गेलं. नोकरीत येताना त्यांच्याकडून लिहून घेतलं की लग्न केलं तर राजीनामा देईन. पुरुषांकडून असं काही लिहून घेत नव्हते.

ही अट नुसती कागदावर नव्हती. त्याच काळात रमा मेहता या हुशार बाई परराष्ट्र सेवेत निवडल्या गेल्या. त्याच सेवेतल्या जगत मेहतांशी त्यांचं लग्न झालं. लग्न दोघांचं, पण नोकरी सुटली एकटीची. जगत मेहता पुढे परराष्ट्र सचिव झाले, म्हणजे या सेवेतल्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसले. रमाबाईंनी पुढे लेखिका म्हणून नाव कमावलं, पण त्यांना कुठवर जाता आलं असतं हे कुणालाच कळलं नाही.

मुथम्मा नोकरीत राहिल्या. पॅरिस, रंगून, लंडन अशा ठिकाणी त्यांनी काम केलं. 1970 साली त्या हंगेरीत राजदूत झाल्या. पुढे घाना आणि नेदरलँड्स या देशांतही राजदूत होत्या. इतकं काम करूनही वरच्या श्रेणीची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं आणि नंतर आलेले पुढे गेले. तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरकारी नोकरीत राहून सरकारवर दावा करणं सोपं नव्हतं.

दाव्यात त्यांनी सेवेचे नियमच पुढे ठेवले. एका नियमात लिहिलं होतं, की बाईनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसार कामाच्या आड येईल असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. दुसऱ्यात होतं, की लग्न झालेल्या बाईचा या नेमणुकीवर हक्क राहणार नाही.

1979 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. त्यांनी विचारलं ते आपल्या बैठकीतही विचारता येईल इतकं साधं होतं. संसार बाईच्या कामाच्या आड येत असेल, तर तो पुरुषाच्या कामाच्या आड का येत नाही? दावा चालू असतानाच सरकारनं मुथम्मांना बढती दिली होती. एक नियम काढून टाकला होता, दुसरा काढणार असल्याचं सांगितलं होतं. म्हणून न्यायालयानं अर्ज पुढे चालवला नाही. पण प्रश्न मिटलेला नाही हे निकालात स्पष्ट लिहिलं, आणि मुथम्मांची ज्येष्ठता पुन्हा तपासायला सरकारला सांगितलं.

मुथम्मा 1982 साली निवृत्त झाल्या आणि 2009 साली वारल्या. 2001 साली चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या. त्यांच्यानंतर निरुपमा राव आणि सुजाता सिंह याही त्या खुर्चीवर बसल्या.

मैत्रिणींनो, हे आम्ही का सांगतोय? कारण तो नियम दिल्लीच्या पुस्तकातून गेला, पण आपल्या बोलण्यात अजून आहे. गटाची अध्यक्ष निवडायची, सीआरपी निवडायची, प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं, असं काही निघालं की कानावर येतं, "हिचं लग्न ठरतंय, दुसरी बघा." "हिचं लेकरू लहान आहे, हिला कुठं जमायचं?" जिच्याबद्दल बोलतात तिला कुणी विचारतच नाही. ग्रामपंचायतीत पुरुष उभा राहिला, तर त्याचं लेकरू किती महिन्यांचं आहे हे कुणी विचारतं का?

म्हणून येत्या बैठकीत एक ठराव घेऊया. कुणालाही वगळायचं असेल तर आधी तिलाच विचारायचं, जमेल का आणि जमण्यासाठी काय लागेल. तरीही वगळलं तर कारण ठरावाच्या वहीत लिहायचं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं उद्या दाखवता येतं. मुथम्मांनाही अन्याय दाखवता आला तो नियम लिहिलेला होता म्हणूनच.

आणि घरात पोरगी कॉलेजात असेल तर तिला या नोकरीबद्दल सांगा. लग्न केलं तर सोडावी लागेल अशी अट आता तिला नाही. ती अट घरी आपण घालू नये, एवढंच आपल्या हातात आहे.