भोंडल्याच्या गाण्यांतील हंसणें



आश्विनांत नवरात्र बसलें म्हणजे पाटावर हत्ती काढावयाचा आणि त्याच्याभोंवतीं मुलींनीं फेर धरावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पुण्याकडे हिला भोंडला म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे हादगा. हत्ती हें हस्त नक्षत्राचें चिन्ह. त्या नक्षत्राच्या पावसावर पुढील पिकाची आशा. म्हणजे हा खेळ मुळांत शेतकऱ्याच्या अंगणांतला.

या गाण्यांना आपण हंसतों. पण हंसतों कशाला, हें पाहण्याजोगें आहे.

कारल्याच्या वेलाचें गाणें घ्या. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधीं कारल्याचें बीं पेर. तें पेरलें, तर कोंब येऊं दे. कोंब आला, तर वेल वाढूं दे. मग फूल, मग कारलें, मग भाजी, मग जेवणें, मग उष्टीं-खरकटीं. सासू एकदांही 'नाहीं' म्हणत नाहीं, हीच यांतील गंमत. शहरांतील श्रोत्यास हा नुसता शब्दांचा खेळ वाटतो. परंतु बीं पेरल्यापासून कारलें हातीं यावयास सुमारें दोन महिने लागतात, हें खेड्यांतील मुलीस ठाऊक असतें. ती प्रत्येक कडव्यागणिक दिवस मोजते आणि म्हणून अधिक हंसते. शिवाय एवढे दिवस वाट पाहून ताटांत पडावयाचें तें कडू कारलेंच!

दुसरें गाणें वेड्या नवऱ्याचें. बायकोनें करंज्या केल्या, त्यानें होड्या समजून पाण्यांत सोडल्या. लाडू केले, ते चेंडू समजून खेळावयास घेतले. मुली हंसून बेजार होतात. शेवटीं बायको निजलेली असते. ती मेली असें समजून तो तिला जाळून टाकतो. फेर मात्र त्याच ठेक्यांत चालू राहतो.

१९२९ च्या शारदा कायद्यानें मुलींच्या लग्नाचें वय किमान १४ ठरविलें. त्यापूर्वीं आठ-दहा वर्षांच्या मुलींचीं लग्नें सर्रास होत. फेर धरणारींपैकीं कांहींचें लग्न झालेलें असे, कांहींचें ठरलेलें. नवरा कसा निघेल, हें विचारण्याची त्यांना सोय नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर जी भीति बोलतां येत नव्हती, ती गाण्यांत मोठ्यानें म्हणतां येई; आणि सगळ्या हंसत असल्यामुळें कोणी कोणास दटावीत नसे.

आज भोंडला गृहसंकुलांत होतो, परदेशांतील महाराष्ट्र मंडळांतही होतो. लहानांसमोर तें शेवटचें कडवें नको, असें एखाद्या आईस वाटेल. माझें म्हणणें, तें गाळूं नये. खिरापत ओळखण्यापूर्वीं क्षणभर थांबून मुलींना विचारावें, "त्या बायकोचें पुढें काय झालें?" त्या काय उत्तर देतात, तें घरांतील मोठ्यांनीं नीट ऐकून घ्यावें.