‘क्वेडाह मर्चंट’ आणि तो परवाना

बिलोलीला समुद्र नाही. जवळची मांजरा, तीही उन्हाळ्यात वाळूच जास्त. तरी आज एका शिडाच्या जहाजाबद्दल बोलतो.

‘क्वेडाह मर्चंट’ बंगालहून रेशीम, मलमल, साखर घेऊन सुरतेला निघालं. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा. काही औरंगजेबाच्या दरबारातल्या मुखलिस खानाचा. बादशहा तेव्हा भीमेकाठी, ब्रह्मपुरीच्या छावणीत. कप्तान इंग्रज. वाटेत अडचण नको म्हणून जवळ फ्रेंच परवाना ठेवलेला.

३० जानेवारी १६९८ला कोचीजवळ विल्यम किड आडवा आला. त्याच्याकडे फ्रेंच जहाजं पकडायचा इंग्रजी हुकूम होता. त्यानं मुद्दाम फ्रेंच निशाण लावलं. इकडून साहजिकच फ्रेंच परवाना दाखवला गेला. लगेच इंग्रजी निशाण वर! रक्षणासाठी बाळगलेल्या कागदावरच जहाज गेलं.

१७०१च्या खटल्यात किडला बचावासाठी तोच कागद हवा होता, मिळाला नाही. फाशी झाली. दोन शतकांनी तो लंडनच्या सरकारी दप्तरातच निघाला. आमच्या संगणकाच्या धंद्यात ‘डेटा गेला’ म्हणतात, तोही बऱ्याचदा असाच कुठंतरी पडलेला असतो.

जहाज कॅरिबियनमध्ये जळालं. २००७मध्ये डोमिनिकन रिपब्लिकच्या कॅटालिना बेटाजवळ, उथळ पाण्यात, त्याच्या तोफा सापडल्या. किडच्या जप्त मालमत्तेचे सुमारे साडेसहा हजार पौंड मात्र आधीच ग्रिनिचला, म्हाताऱ्या इंग्रज नौसैनिकांच्या आश्रमाला गेले होते.