सागरतीरावरून हिमशिखरांकडे
(चिखले, ता. डहाणू येथील युवक-युवतींसाठीच्या भाषणाचा मजकूर)



चिखले हे समुद्रकाठचे गाव. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, त्याची उंचीही १,६४६ मीटरच. अशा प्रदेशातील मुलांनी हिमालयाची आकांक्षा धरावी काय? याचे उत्तर मे २०१८ मध्ये मिळाले. आदिवासी विकास विभाग व चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. चंद्रपूरही बर्फापासून दूरच; परंतु त्या धाडसामागे दीर्घ प्रशिक्षण होते.

अनेक दिवसांच्या उंचावरील पदभ्रमणात खरी कसोटी पायांची नसून श्वासाची असते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे निम्मा असतो. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्या प्रमाणात घटतो. शरीराला याची सवय होण्यास दिवस लागतात. म्हणून ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकीय संकेत आहे. दिवसा उंच चढावे, रात्री खाली येऊन निजावे.

तंबूतील संसारही निराळा असतो. पाच हजार मीटरवर पाणी सुमारे ८३ अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. त्यासाठी प्रेशर कुकर सोबत न्यावा लागतो. थंडीमुळे तहान जाणवत नाही, तरीही पाणी पीत राहावे लागते.

डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही धोक्याची पहिली सूचना होय. ती असताना पुढे चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूस अथवा फुप्फुसांस सूज आल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास सोबतीने त्वरित खाली आणावे. अनेकदा तरुण सोबत्यांच्या लाजेपोटी दुखणे लपवितात आणि तेच जिवावर बेतते.

वादळाची चिन्हे ओळखून होडी माघारी वळविणाऱ्या तांडेलास किनाऱ्यावर कोणी भित्रा म्हणत नाही. त्याच्या भरवशावरच घरची माणसे त्याला पुन्हा समुद्रावर पाठवितात. सागराने शिकविलेले हे शहाणपण बरोबर घेऊन येथील युवकांनी हिमालयाची वाट धरावी. शिखर पुढील वर्षीही तेथेच असेल. सोबत्याचा प्राण मात्र परत मिळत नाही.