मेपल, मेथी आणि मोह

नागपूरच्या नव्या धाटणीच्या एखाद्या हॉटेलात गेलात, तर नाश्त्याच्या यादीत पॅनकेक दिसतो आणि त्याला ‘मेपल’ हा शब्द चिकटलेला असतो. यादीच्या त्या भागाला मथळा असतो ‘कम्फर्ट फूड’. म्हणजे पोटाइतकंच मनालाही निववणारं जेवण. आपल्याकडे अशा जेवणाला वेगळं नाव नव्हतं, पण ते होतंच. गरम वरणात कुस्करलेला पानगा, किंवा उरलेल्या पोळीत तूप-गूळ घालून केलेला कुस्करा. आमच्या घरी त्यालाच मलिदा म्हणतात.

हे मेपल आहे तरी काय? ते एक झाड आहे. कॅनडाच्या झेंड्यावर 1965 पासून त्याचंच पान आहे. थंडी सरता सरता रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, त्या थोड्या आठवड्यांत या झाडाच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. रस पाण्यासारखा पातळ, जेमतेम गोड. साधारण चाळीस लिटर रस आटवावा, तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. ही विद्या गोऱ्यांची नव्हे. तिथल्या आदिवासींना ती आधीपासून ठाऊक होती. आज जगातला बहुतेक मेपल पाक कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून येतो. तिथल्या उत्पादकांच्या संघाने पिंपांमधून पाकाचा राखीव साठा ठेवला आहे. 2012 साली त्यातून सुमारे तीन हजार टन पाक चोरीला गेल्याचं उघड झालं. आपल्याकडे सोनं चोरतात, तिथे पाक चोरला!

आता असा महाग पाक प्रत्येक पॅनकेकवर कोण ओतणार? म्हणून पुष्कळ ठिकाणी जे मिळतं ते मक्याच्या साखरेचं द्रावण असतं आणि त्यात मेपलचा नुसता वास असतो. हा वास येतो कुठून? त्याचा एक मोठा स्रोत आपल्या फोडणीच्या डब्यात आहे. मेथीदाणा! मेथीत सोटोलॉन नावाचं एक द्रव्य असतं, त्याचा वास थेट मेपलसारखा. 2005 पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. 2009 मध्ये उलगडा झाला. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीच्या बियांवर प्रक्रिया चालत होती. बाळंतिणीच्या खोलीत मेथीच्या लाडवांचा जो वास भरून राहतो, त्याने एवढं मोठं शहर हैराण केलं होतं.

म्हणजे आपलीच मेथी बाटलीत शिरून, नाव बदलून आपल्याच ताटात येऊ शकते. त्यातही वावगं नाही. स्वाद वापरायला हरकत नाही, पण तो स्वादच आहे हे यादीत लिहावं. अमेरिकेत ‘मेपल सिरप’ हे नाव खऱ्या पाकालाच देता येतं. नकली पाकाला दुसरं नाव घ्यावं लागतं. एवढा प्रामाणिकपणा आपल्या हॉटेलवाल्यांना जड जाऊ नये.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. पारशिवनीहून पेंचच्या जंगलाकडे, नवेगाव खैरीचं धरण मागे टाकून कोलितमाऱ्याकडे निघालं की वाटेत मोहाची झाडं भेटतात. आपलं गोड झाड ते हे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुलं टपटप गळतात. बाया आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही हीच फुलं आवडतात आणि वाघाचंही घर तिथेच. टोपलीभर फुलांसाठी जीव मुठीत धरून वाकायचं असतं. मेपलचा रस काढताना एवढी भीती नसते.

फुलं वाळली की मनुकांसारखी दिसतात. ती भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. ती शिजवून, गाळून, आटवली की काकवीसारखा दाट पाक होतो. थोडा धुरकट, थोडा मनुकेचा असा त्याचा स्वाद असतो. पॅनकेकवर तो शोभतो, ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याबरोबर तर त्याहून जास्त. वर मिठाचे दोन कण टाकावेत, गोडी उठून दिसते.

मग हा पाक हॉटेलात का नाही? कारण मोह म्हटलं की आपल्याला फक्त दारू आठवते. कायद्यालाही तीच आठवली. 1892 मध्ये मुंबई इलाख्यात मोहफुलांवर कायदा झाला. 1949 च्या दारूबंदी कायद्यातही या फुलांवर बंधनं आली. द्राक्षाचीही दारू होते, पण द्राक्ष बाळगलं म्हणून कुणाला कधी हटकलं का? 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मानला आणि 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरची बंधनं सैल केली. कायदा वाकला, आपली जीभ अजून वाकायची आहे.

पेंच पाहायला देशोदेशीचे पाहुणे येतात. सफारीहून थकून आलेल्या माणसाला गरम, गोड, ओळखीचं काहीतरी हवं असतं. त्याच्यासमोर हजारो मैलांवरच्या झाडाचा नकली वास ठेवायचा आणि खिडकीबाहेरचं झाड विसरायचं, हे बरं दिसत नाही.

तेव्हा हॉटेलवाल्यांना एवढंच सांगणं. मेपल खुशाल ठेवा, पण खरं असेल तर खरं लिहा आणि स्वाद असेल तर स्वाद. त्याच्या खाली एक ओळ मोहाची घाला. फुलं कोणत्या गावची ते लिहा. आणि ती विकत घेताना व्यापाऱ्याचा नव्हे, पहाटे वाकणाऱ्या त्या बाईचा भाव विचारा.